विश्लेषण : हार्डवेअर वॉलेट घेतले की क्रिप्टो सुरक्षित होते का?

भारतातील एके काळचे सर्वात मोठे क्रिप्टो एक्स्चेंज असलेले वझीरएक्स २४ ऑक्टोबर २०२५ रोजी पुन्हा सुरू झाले. १८ जुलै २०२४ रोजी या एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलर, म्हणजे जवळपास दोन हजार कोटी रुपयांची आभासी नाणी चोरीला गेली होती. ग्राहकांच्या एकूण मालमत्तेचा हा सुमारे ४५ टक्के भाग होता. त्यानंतर पंधरा महिने लाखो ग्राहकांना आपल्या खात्यात दिसणारी नाणी ना काढता येत होती, ना विकता येत होती. याच काळात, डिसेंबर २०२४ मध्ये, एका बिटकॉइनचा भाव पहिल्यांदाच एक लाख डॉलरच्या वर गेला. ज्यांची नाणी अडकली होती त्यांनी तो भाव मोबाइलवर फक्त पाहिला.

या चोरीनंतर एका वस्तूची चर्चा वाढली : हार्डवेअर वॉलेट. पेन ड्राइव्हएवढे हे यंत्र घ्या, नाणी एक्स्चेंजवरून त्यात हलवा आणि निर्धास्त व्हा, असा सल्ला यूट्यूबवर मराठीतही मिळतो. पण वझीरएक्सच्या प्रकरणातील एक तपशील या सल्ल्यात सहसा येत नाही. चोरीला गेलेली नाणी ज्या वॉलेटमध्ये होती, त्यावर सही करणारे कंपनीचे अधिकारी हार्डवेअर वॉलेटच वापरत होते.

मग हे यंत्र नेमके कशापासून वाचवते आणि कशापासून नाही? वझीरएक्स ही मुंबईतून उभी राहिलेली कंपनी, तर असाच किल्लीचा दुसरा धडा पुण्यातील एका पोलीस तपासातून मिळतो. ही दोन्ही प्रकरणे समजून घेतली, तर बुलढाणा जिल्ह्यातील धाडसारख्या गावात बसून मोबाइलवर क्रिप्टो घेणाऱ्यालाही आपला निर्णय नीट घेता येईल.

अ‍ॅपवर दिसणारी शिल्लक म्हणजे काय?

धाड हे बुलढाणा तालुक्यातील, जालना जिल्ह्याच्या हद्दीजवळचे बाजाराचे गाव. सोयाबीन आणि कापूस पिकवणाऱ्या या पट्ट्यात माल दुसऱ्याकडे ठेवण्याचे दोन प्रकार सगळ्यांना माहीत आहेत. एक, सोयाबीन सरकारी किंवा संस्थेच्या गोदामात ठेवून पावती घ्यायची आणि गरज पडली तर त्या पावतीवर तारण कर्ज काढायचे. दुसरा, भाव वाढेल या आशेने माल व्यापाऱ्याच्या दुकानात टाकायचा आणि त्याने वहीत केलेल्या नोंदीवर विश्वास ठेवायचा. व्यापारी चांगला असेल तर पैसे मिळतात. तो पसार झाला तर वहीतली नोंद कितीही मोठी असली तरी उपयोग नसतो.

एक्स्चेंजच्या अ‍ॅपवर दिसणारी शिल्लक दुसऱ्या प्रकारात मोडते. तुम्ही एक्स्चेंजवर बिटकॉइन घेता, तेव्हा सहसा तुमच्या नावाने वेगळे वॉलेट उघडले जात नाही. एक्स्चेंज सगळ्या ग्राहकांची नाणी काही मोठ्या वॉलेटमध्ये एकत्र ठेवते आणि कोणाचे किती हे स्वतःच्या हिशेबात लिहिते. त्या मोठ्या वॉलेटच्या किल्ल्या एक्स्चेंजकडे असतात.

बँकेत पैसे ठेवतानाही आपण हेच करतो. फरक असा, की बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळ प्रत्येक ठेवीदाराच्या ५ लाख रुपयांपर्यंतच्या ठेवीला संरक्षण देते. पतसंस्था आणि मल्टिस्टेट सोसायट्यांना हे कवच नाही. बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटच्या ठेवीदारांनी त्याचा अर्थ अलीकडेच अनुभवला आहे. क्रिप्टो एक्स्चेंजलाही असा विमा नाही आणि त्यावर सेबीसारखा बाजार नियामकही नाही. मार्च २०२३ पासून एक्स्चेंजना केंद्राच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंदणी करावी लागते. मात्र ती नोंदणी मनी लाँडरिंग रोखण्यासाठी आहे. ग्राहकाची नाणी परत मिळतील, याची हमी त्यात नाही.

हार्डवेअर वॉलेट कसे काम करते?

पहिला गैरसमज नावातच आहे. हार्डवेअर वॉलेटमध्ये नाणी नसतात. बिटकॉइन असो की इथर, कोणाच्या पत्त्यावर किती नाणी आहेत ही नोंद ब्लॉकचेनवर, म्हणजे जगभरातील हजारो संगणकांवर एकाच वेळी ठेवलेल्या सार्वजनिक वहीत असते. त्या पत्त्यावरील नाणी दुसरीकडे पाठवायची तर एका गुप्त किल्लीने डिजिटल सही करावी लागते. ही किल्ली म्हणजे एक प्रचंड मोठा आकडा. ज्याच्याकडे तो आकडा, त्याला ती नाणी हलवता येतात. तो माणूस खरा मालक आहे की चोर, हे ब्लॉकचेन विचारत नाही.

ही किल्ली मोबाइलमध्ये किंवा संगणकात ठेवली तर इंटरनेटवरून आलेला व्हायरस ती चोरू शकतो. हार्डवेअर वॉलेट हा धोका कमी करण्यासाठी बनवले गेले. चेक प्रजासत्ताकातील ट्रेझर या कंपनीचे असे पहिले यंत्र २०१४ मध्ये बाजारात आले. फ्रान्सची लेजर ही कंपनीही त्याच वर्षी स्थापन झाली. किल्ली या यंत्रातच तयार होते आणि वापरताना बाहेर येत नाही. मोबाइलवरचे अ‍ॅप यंत्राकडे व्यवहाराचा मजकूर पाठवते, यंत्र आपल्या छोट्या पडद्यावर तो दाखवते, तुम्ही बटण दाबता आणि यंत्र आतल्या आत सही करून फक्त ती सही बाहेर पाठवते. मोबाइलमध्ये व्हायरस असला तरी त्याला किल्ली दिसत नाही.

यंत्राला पिन असतो. लेजरच्या यंत्रात सलग तीनदा चुकीचा पिन टाकला तर ते स्वतःला कोरे करून टाकते. मग नाणी गेली का? नाही. यंत्र पहिल्यांदा सुरू करताना ते १२ किंवा २४ इंग्रजी शब्द दाखवते. हे शब्द २,०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतून निवडलेले असतात आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा असतो. हे शब्द म्हणजेच तुमच्या सगळ्या किल्ल्यांचे मूळ. यंत्र हरवले, जळले किंवा विहिरीत पडले तरी नवे यंत्र घेऊन त्यात हे शब्द त्याच क्रमाने टाकले की सगळी नाणी पुन्हा दिसू लागतात.

याचा अर्थ असाही होतो, की हे शब्द ज्याच्या हाती लागतील त्याला तुमच्या यंत्राची किंवा पिनची गरजच नाही. काही हजार रुपयांचे यंत्र ही दुय्यम गोष्ट आहे. खरी मालमत्ता म्हणजे तो शब्द लिहिलेला कागद.

मग वझीरएक्सची नाणी कशी गेली?

कंपनीने दिलेल्या माहितीनुसार, ज्या वॉलेटवर हल्ला झाला त्यावर सहा जणांना सहीचा अधिकार होता. पाच जण वझीरएक्सचे आणि एक लिमिनल या वॉलेट सांभाळणाऱ्या कंपनीचा. कोणताही व्यवहार होण्यासाठी वझीरएक्सच्या तिघांची सही आणि त्यानंतर लिमिनलची सही लागत असे. वझीरएक्सचे तिघे सही करण्यासाठी लेजरची हार्डवेअर वॉलेट वापरत होते. त्याशिवाय नाणी फक्त आधी मंजूर केलेल्या पत्त्यांवरच जातील, अशीही सोय होती. पतसंस्थेच्या तिजोरीला तीन संचालकांच्या तीन किल्ल्या असाव्यात, तशी ही रचना होती.

चोरांनी यातील एकही किल्ली यंत्रातून काढली, असे समोर आलेले नाही. सही करणाऱ्यांना संगणकाच्या पडद्यावर एक साधा व्यवहार दिसत होता. प्रत्यक्षात सहीसाठी आलेला मजकूर वेगळा होता आणि त्याने वॉलेटचे नियमच बदलून त्याचा ताबा चोरांकडे दिला. वझीरएक्सने दोष लिमिनलच्या यंत्रणेकडे दाखवला, तर लिमिनलने आपली यंत्रणा फोडली गेल्याचे नाकारले. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरिया यांनी संयुक्त निवेदन काढून या चोरीसाठी उत्तर कोरियाच्या हॅकरना जबाबदार धरले.

हार्डवेअर वॉलेटच्या छोट्या पडद्यावर गुंतागुंतीचा व्यवहार अनेकदा अर्थ न लागणाऱ्या अक्षर-आकड्यांच्या ओळीसारखा दिसतो. माणूस मोठ्या पडद्यावर विश्वास ठेवून यंत्रावरचे बटण दाबतो. याला ‘ब्लाइंड सायनिंग’ म्हणतात. आपल्याकडे सावकाराने पुढे केलेल्या, वाचता न येणाऱ्या कागदावर अंगठा उठवण्याचा प्रकार पिढ्यानपिढ्या झाला. अंगठा खराच असायचा, पण कागदावर काय लिहिले आहे हे अंगठा देणाऱ्याला माहीत नसायचे. इथेही सही खरी होती आणि किल्ली सुरक्षित होती. फसला तो कागद वाचण्याचा भाग.

हा प्रकार एकटा नाही. २१ फेब्रुवारी २०२५ रोजी दुबईस्थित बायबिट या एक्स्चेंजमधून सुमारे चार लाख इथर, म्हणजे दीड अब्ज डॉलरची नाणी गेली. तिथेही अनेक सह्यांचे वॉलेट होते, शेवटची सही हार्डवेअर वॉलेटवर झाली होती आणि पडद्यावर दिसलेला व्यवहार व प्रत्यक्ष व्यवहार वेगळे होते. अमेरिकेच्या एफबीआयने यासाठीही उत्तर कोरियाकडेच बोट दाखवले.

सामान्य माणसासाठी यातून निघणारा नियम सोपा आहे. साधे बिटकॉइन पाठवताना किंवा घेताना यंत्राच्या स्वतःच्या पडद्यावर पत्ता आणि रक्कम स्पष्ट दिसते. ती अक्षरे मोबाइलवरच्या पत्त्याशी आणि मूळ ठिकाणाशी पूर्ण जुळवून पाहायची. कॉपी-पेस्ट करताना पत्ता बदलणारे व्हायरस असतात, त्यामुळे पहिली-शेवटची चार अक्षरे पाहून भागत नाही. आणि यंत्राचा पडदा जे दाखवतो ते समजत नसेल, तर बटण दाबायचे नाही. ‘फुकट नाणी मिळतील, वॉलेट जोडा’ असे सांगणाऱ्या संकेतस्थळांना बहुतेक वेळा नेमकी हीच न वाचलेली सही हवी असते.

पुण्याच्या प्रकरणातून काय दिसते?

वझीरएक्समध्ये किल्ली मालकाकडे असूनही घात झाला. पुण्यात किल्ली दुसऱ्याच्या हाती गेल्यावर काय होते, हे दिसले.

अमित भारद्वाज याच्या गेनबिटकॉइन योजनेने गुंतवणूकदारांना दरमहा १० टक्के परताव्याचे आमिष दाखवले होते. पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये या प्रकरणात गुन्हे दाखल करून त्याला अटक केली. क्रिप्टोचा तपास त्या वेळी पोलिसांसाठी नवा होता. म्हणून बाहेरच्या दोन सायबर तज्ज्ञांची मदत घेण्यात आली, त्यांपैकी एक माजी आयपीएस अधिकारी होता. आरोपींच्या वॉलेटचा तपशील या तज्ज्ञांपुढे आला. मार्च २०२२ मध्ये पुणे पोलिसांनी या दोघांनाच अटक केली. तपासात हाती आलेली काही नाणी त्यांनी स्वतःच्या वॉलेटमध्ये वळवली आणि पोलिसांना बदललेले स्क्रीनशॉट दिले, असा आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आला.

जप्त केलेली मोटारसायकल पोलीस ठाण्याच्या आवारात उभी असते, ती नेली तर दिसते. क्रिप्टोची किल्ली मात्र पाहिली की तिची नक्कल झाली. मूळ किल्ली जागेवर असली तरी नक्कल करणारा जगात कुठूनही नाणी हलवू शकतो. किल्ली ‘दाखवणे’ आणि ‘देणे’ यांत इथे काहीच फरक उरत नाही.

हे प्रकरण पुढे सीबीआयकडे गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयने देशभरात ६० हून अधिक ठिकाणी छापे घातले, त्यांत पुण्याबरोबर नांदेड आणि कोल्हापूरही होते. या छाप्यांत २३.९४ कोटी रुपयांची क्रिप्टो मालमत्ता आणि अनेक हार्डवेअर वॉलेट जप्त झाली. नांदेड-कोल्हापूरची नावे यादीत असणे महत्त्वाचे आहे. क्रिप्टोचे जाळे महानगरांपुरते राहिलेले नाही. आणखी एक गोष्ट यातून दिसते. दरमहा १० टक्के देणाऱ्या योजनेत स्वतःहून नाणी भरणाऱ्याला कोणतेही हार्डवेअर वॉलेट वाचवू शकत नाही. तिथे मालक स्वतःच बटण दाबून नाणी पाठवतो.

शब्द कुठे ठेवायचे?

एक्स्चेंजवरून नाणी स्वतःच्या वॉलेटमध्ये आणली, की एक्स्चेंज बुडण्याचा धोका संपतो आणि तुमच्या घरातला धोका सुरू होतो. म्हणून २४ शब्दांची व्यवस्था यंत्र विकत घेण्याआधी ठरवावी.

शब्दांचा फोटो काढायचा नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅस्परस्की या सायबर सुरक्षा कंपनीने अशी काही मोबाइल अ‍ॅप उघडकीस आणली, जी फोनमधील फोटो वाचून त्यात वॉलेटचे शब्द आहेत का हे शोधत होती. ही अ‍ॅप गूगल आणि अ‍ॅपलच्या अधिकृत स्टोअरवरही पोहोचली होती. व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवलेला संदेश, ई-मेल, फोनमधली नोंदवही, झेरॉक्सच्या दुकानात काढलेली प्रत, यांतले काहीही चालत नाही. हाताने कागदावर लिहायचे आणि दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवायच्या. आपल्याकडच्या घरांत कागदाला वाळवी आणि पावसाळ्यातली ओल लागते. रक्कम मोठी असेल तर शब्द धातूच्या पट्टीवर कोरून ठेवण्याची पद्धत आहे. एक प्रत घरात आणि दुसरी लॉकरमध्ये पाकिटात बंद, ही व्यवस्था बहुतेकांना पुरते.

हे शब्द यंत्राच्या बाहेर कुठेही टाइप करायचे नाहीत. बँक कधी ओटीपी विचारत नाही, तसेच वॉलेट बनवणारी कंपनी कधीही हे शब्द विचारत नाही. २०२० मध्ये लेजरच्या ग्राहकांची माहिती फुटली. दहा लाखांच्या आसपास ई-मेल पत्ते आणि सुमारे २ लाख ७० हजार ग्राहकांची नावे, घरचे पत्ते, फोन नंबर इंटरनेटवर आले. त्यानंतर अनेकांना कंपनीच्या नावाने खोटे ई-मेल आले आणि काहींना तर घरपोच बनावट यंत्रे आली. म्हणून यंत्र कंपनीकडून किंवा तिच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावे, जुने घेऊ नये. खोक्यात आधीच शब्द छापून आले असतील तर ते यंत्र वापरू नये, कारण ते शब्द पाठवणाऱ्यालाही माहीत आहेत.

आणखी एक काळजी म्हणजे गप्प राहणे. जानेवारी २०२५ मध्ये लेजरचे सहसंस्थापक डेव्हिड बालांद यांचे फ्रान्समध्ये अपहरण झाले आणि खंडणीसाठी त्यांचे बोट कापण्यात आले. गावात कोणाची जमीन विकली गेली हे लपत नाही. वॉलेटमध्ये किती आहे, हे मात्र स्वतः सांगितल्याशिवाय सहसा कोणाला कळत नाही.

वॉलेटवाला माणूसच गेला तर?

हा प्रश्न विचारायला कोणाला आवडत नाही, पण हार्डवेअर वॉलेटमधला सर्वात मोठा धोका कदाचित हाच आहे. बँकेत वारसदार असतो, पोस्टात नामनिर्देशन असते, सातबारावर वारस नोंद होते. हार्डवेअर वॉलेटला असे काहीच नाही. वारसाहक्काचा दाखला घेऊन जायला कार्यालय नाही आणि शब्द नसतील तर न्यायालयाचा आदेशही नाणी उघडू शकत नाही.

कॅनडातील क्वाड्रिगा-सीएक्स या एक्स्चेंजचा तरुण संस्थापक जेराल्ड कॉटन डिसेंबर २०१८ मध्ये भारतात, जयपूरमध्ये, मरण पावला. ग्राहकांच्या नाण्यांच्या किल्ल्या फक्त त्याच्याकडे होत्या, असे कंपनीने सांगितले. पुढे चौकशीत त्याने बराच पैसा आधीच गैरव्यवहारात उडवल्याचे उघड झाले. पण तो खुलासा होईपर्यंत हजारो ग्राहक एका मृत माणसाच्या पासवर्डची वाट पाहत होते. वेल्समधील जेम्स हॉवेल्स यांनी २०१३ मध्ये जुनी हार्ड डिस्क कचऱ्यात टाकली, तिच्यात सुमारे आठ हजार बिटकॉइनची किल्ली होती. कचरा डेपो खणण्याची परवानगी मिळावी म्हणून ते वर्षानुवर्षे लढले, पण जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने त्यांचा दावा फेटाळला.

आता हेच आपल्या घरात आणून पाहू. समजा, धाडचा एखादा मुलगा पुण्यात नोकरी करतो आणि पगारातून दर महिन्याला थोडे बिटकॉइन घेऊन हार्डवेअर वॉलेटमध्ये ठेवतो. घरी आई-वडिलांना किंवा बायकोला यातले काही माहीत नाही. त्याला अपघात झाला, तर खोलीतले सामान आवरताना कोणाला तरी पेन ड्राइव्हसारखी एक वस्तू आणि इंग्रजी शब्दांचा एक कागद सापडेल. दोन्ही बहुधा रद्दीत जातील.

यावर उपाय तांत्रिक नाही, घरगुती आहे. विश्वासाच्या एका माणसाला एवढे माहीत हवे, की अशी मालमत्ता आहे, बंद पाकीट कुठे आहे आणि ते उघडायची वेळ आली तर कोणाच्या मदतीने, कोणते यंत्र वापरून पुढे जायचे. शब्द सांगायची गरज नाही, जागा सांगायची आहे. एका मराठी चिठ्ठीत ‘हे शब्द कोणालाही फोनवर सांगू नका, कोणत्याही संकेतस्थळावर टाकू नका’ असे लिहून ठेवले, तर दुःखाच्या दिवसांत मदतीच्या नावाने येणाऱ्या भामट्यांपासून घर वाचेल.

कर आणि कायदा काय म्हणतो?

एक्स्चेंजवरची स्वतःची नाणी स्वतःच्याच हार्डवेअर वॉलेटमध्ये हलवणे ही विक्री नाही, त्यामुळे त्यावर नफ्याचा कर लागत नाही. एक्स्चेंज नाणी बाहेर पाठवण्याचे शुल्क मात्र घेते. नाणी विकल्यावर नफ्यावर ३० टक्के कर आणि त्यावर उपकर लागतो. हा नियम १ एप्रिल २०२२ पासून आहे. १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएसही कापला जातो. एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नाण्यातल्या नफ्यातून वजा करता येत नाही.

म्हणून नाणी हलवण्याआधी एक्स्चेंजवरील खरेदीचा सगळा हिशेब, तारखा आणि रकमांसह, उतरवून ठेवावा. पाच वर्षांनी विकताना खरेदी किंमत दाखवावी लागेल. तेव्हा ते एक्स्चेंज चालू असेलच, असे नाही.

कायद्याच्या बाजूने एक बदल लक्षात घेण्यासारखा आहे. रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये बँकांना क्रिप्टो व्यवहारांपासून दूर राहण्यास सांगणारे परिपत्रक काढले होते, ते सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केले. ऑक्टोबर २०२५ मध्ये वझीरएक्सच्याच एका ग्राहकाच्या अर्जावर मद्रास उच्च न्यायालयाने क्रिप्टो ही मालमत्ता आहे, ती ताब्यात ठेवता येते आणि दुसऱ्यासाठी विश्वस्त म्हणूनही सांभाळता येते, असे मत दिले. एक्स्चेंजवर नाणी ठेवणाऱ्याला न्यायालयात उभे राहायला यामुळे जागा मिळते. हार्डवेअर वॉलेटवाल्याला तीही नसते, कारण त्याच्या चुकीसाठी दावा कोणावर लावणार? फसवणूक झाली तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच तक्रार करता येते. पण बँक खाते गोठवता येते, तसे ब्लॉकचेनवरचा व्यवहार उलटवता येत नाही.

मग कोणी घ्यावे?

सगळीच एक्स्चेंज वझीरएक्सच्या वाटेने जातात असे नाही. जुलै २०२५ मध्ये मुंबईतील कॉइनडीसीएक्समधून सुमारे ४ कोटी ४० लाख डॉलर चोरीला गेले. मात्र ती रक्कम कंपनीच्या स्वतःच्या व्यवहाराच्या खात्यातली होती, ग्राहकांची नाणी वेगळ्या वॉलेटमध्ये होती आणि तोटा आपण सोसणार असल्याचे कंपनीने जाहीर केले. ज्याच्याकडे दहा-वीस हजारांची नाणी आहेत, त्याने काही हजारांचे यंत्र घेण्यात फारसा अर्थ नाही. वारंवार खरेदी-विक्री करणाऱ्यालाही ते अडचणीचे ठरते. तसेच काही अ‍ॅपवर प्रत्यक्ष नाणी बाहेर काढण्याची सोय नसते किंवा मर्यादित असते, हे खरेदीपूर्वीच तपासावे लागते.

रक्कम गेली तर घराला फटका बसेल एवढी असेल आणि ती अनेक वर्षे ठेवायची असेल, तर हार्डवेअर वॉलेटचा विचार करावा. तो करताना एक रंगीत तालीम जरूर करावी. आधी अगदी थोडी नाणी यंत्रातल्या पत्त्यावर पाठवायची. नाणे आणि त्याचे नेटवर्क दोन्ही बाजूंना एकच आहे ना, हे पाहायचे, कारण चुकीच्या नेटवर्कवर पाठवलेली नाणी अडकून बसतात. मग यंत्र मुद्दाम कोरे करायचे आणि कागदावरच्या शब्दांतून पुन्हा उभे करायचे. नाणी दिसली, म्हणजे शब्द बरोबर लिहिले गेले आहेत. त्यानंतरच मोठी रक्कम हलवायची. ही तालीम करायचा कंटाळा किंवा भीती वाटत असेल, तर ते यंत्र सध्या आपल्यासाठी नाही, असे समजावे.

हार्डवेअर वॉलेट इंटरनेटवरच्या चोरापासून किल्ली वाचवते आणि ते काम ते चांगले करते. न वाचता केलेली सही, दुसऱ्याला दाखवलेले शब्द, दामदुपटीच्या योजनेत स्वतःहून पाठवलेली नाणी आणि घरच्यांपासून लपवलेले पाकीट, यांवर त्याच्याकडे उपाय नाही. वझीरएक्सच्या ग्राहकांना एक्स्चेंज सुरू झाल्यावर आपल्या नाण्यांचा काही भाग परत मिळाला आणि उरलेल्या भागासाठी ‘रिकव्हरी टोकन’ मिळाले, म्हणजे कंपनीला पुढे कमाई झाली तर परत करण्याचे आश्वासन. स्वतःच्या वॉलेटचे शब्द हरवणाऱ्याला असे आश्वासन द्यायलाही कोणी नसते. किल्ली स्वतःकडे घ्यायची की नाही, हे ठरवताना हा फरक लक्षात ठेवायला हवा.